रिकामं खोरं

निरगुडीतल्या कुणालाही विचारा, दुपारचा पाऊस कुठे पडतो? मान वर न करता तो सांगेल, "पलीकडं." पलीकडं म्हणजे धारेच्या डोंगराच्या पश्चिमेला, कासळच्या खोऱ्यात. ती माझी सासुरवाडी. आणि तो पाऊस तिथे पाडणारी माझी बायको.

हे वाक्य मी माझ्या हॉटेलात गिऱ्हाइकांना मोठ्या झोकात ऐकवायचो. "आमच्या घरात पावसाचं खातं बाईकडं, भांड्यांचं माझ्याकडं." लोक हसायचे आणि आणखी एक प्लेट भजी सांगायचे. आता मी हे बोलत नाही, आणि जुनी गिऱ्हाइकंही तो विषय काढत नाहीत.

माझ्या लहानपणी वळीव म्हणजे उन्हाळ्यात दोन-चारदा येऊन जाणारा पाहुणा होता. पुढे समुद्र तापत गेला. तापलेल्या समुद्रावरून दुपारी दमट वारा निघतो, धारेच्या डोंगराला धडकतो, वर चढतो आणि चढता चढता त्याचा ढग होतो. एवढं पूर्वीही व्हायचं. आता होळी झाली की ते रोज होतं, आणि ढग डोंगराच्या कितीतरी पट उंच वाढतो. तसा वाढलेला ढग डोंगर ओलांडून निरगुडीवर आला, की महिन्याभराचं पाणी एका दमात ओततो. अशाच एका दुपारी बाजारपेठेतून ओढा गेला, तेव्हा माझा थोरला भाऊ दुकानाचं शटर खाली ओढत होता. शटर सापडलं.

त्यानंतर धारेच्या माथ्यावर केंद्र झालं. तिथे माझ्या बायकोला, मयूरीला, नोकरी लागली तेव्हा मी तिला विचारलं, तुम्ही वर नेमकं करता काय? तिने स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पुढे केली. "पावसाळ्यात हिचं झाकण उघडं राहिलं तर काय होतं?"

"मीठ ओलं होतं. आणि आई माझ्या नावानं ओरडते."

"मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर वर वर जातात. आम्ही पिठासारखं बारीक मीठ ड्रोनमधून ढगाच्या पोटात सोडतो. एकेका कणाभोवती पाणी जमतं, थेंब जड होतात आणि ढग पुरता वाढायच्या आत गळायला लागतो. पावसाबरोबर गार हवा खाली येते, त्यानं ढगाला वर ढकलणारा वारा गुदमरतो. संपला ढग."

"म्हणजे पाऊस थांबतो?"

"थांबत नाही. लवकर पाडता येतो. डोंगराच्या पलीकडे पाडायचा की अलीकडे येऊ द्यायचा, एवढंच हातात आहे."

कुठे पाडायचा ते यंत्र ठरवतं. कुठल्या खोऱ्यात किती माणसं आहेत हे ते मोबाइलच्या सिग्नलवरून मोजतं, ओढ्यांची पातळी बघतं आणि जिथे कमी माणसं तिकडे पारडं झुकवतं. लोक त्याला तराजू म्हणतात. पण प्रश्न माणसांचा, म्हणून कायद्यात एक अट आहे. तराजूने काहीही सांगितलं तरी शेवटचा होकार माणसाने द्यायचा. होकाराचं बटण दाबलं तरच मीठ सुटतं. त्या बटणासमोर मयूरी बसते.

कासळमध्ये माणसं आधीपासूनच थोडी. म्हणून पाऊस तिकडे. रोजच्या पाण्याने शेतं गेली, वाटा गेल्या, म्हणून माणसं उठून पुण्याला, निरगुडीला आली. ती आली म्हणून तराजूला कासळ आणखी हलकं वाटायला लागलं. यात कुणी खोटेपणा केलेला नाही. मला खटकतं ते हेच. कुणी केला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

शेवटी त्या खोऱ्यात एकच माणूस उरला, माझे सासरे कोंडिबा आखाडे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. जातीचे गवळी धनगर, दावणीला पाच-सहा म्हशी, घर ओढ्यापासून खूप वर, त्यामुळे पाण्याची भीती नाही. मयूरीने त्यांच्या गळ्यात मोबाइल अडकवला होता. खोऱ्यात एक जरी माणूस दिसला तरी त्याला आधी इशारा द्यावा लागतो, आणि त्याने "मी सुरक्षित आहे" असं कळवेपर्यंत होकाराचं बटण उघडत नाही. एकही दिसला नाही तर कुणाची वाट बघावी लागत नाही.

"पाव्हणं," आबा मला म्हणायचे, "तुमच्या गावचा पाऊस माज्या अंगठ्यावर हाय. मी अंगठा दाबला तर तुमची भजी कोरडी."

"मग दाबत जावा वेळेवर."

"दाबतो की. लेकीची नोकरी हाय."

एकदा आम्ही निघताना त्यांनी मयूरीला विचारलं, "मी गेल्यावर हितं कोण गं?"

"कुणी नाही, आबा."

"म्हंजी मग कुणाला इचारायलाच नको," ते म्हणाले आणि धार काढायला बसले. मयूरी घाट उतरेपर्यंत रडत होती.

कासळ ओढ्याच्या काठावर कुंबळजाईची राई आहे. जुनी झाडं, आत शेंदराचा एक दगड. वैशाखात तिथे कौल लावतात. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि समोर बसायचं. उजवी कळी पडली की देवीने वर्षाची राखण कबूल केली. ती पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. केंद्र झाल्यापासून उन्हाळ्यात कासळमध्ये उतरायला बंदी आली आणि कौल बंद पडला. यंदा विखुरलेल्या माणसांनी गुपचूप ठरवलं की लावायचा.

बाजाराच्या दिवशी सकाळी टेंपो माझ्या हॉटेलासमोर थांबला. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे. त्यांना न्यायला आबा डोंगर उतरून आले होते. राईत मोबाइल चालत नाही, म्हणून सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत घालून मयूरीच्या भागूआत्याने ती माझ्या हातात दिली. आबांनीही गळ्यातला काढून आत टाकला.

"मयूरीला बोलू नगा," आबा म्हणाले. "तिला कळलं तर वर कळवावं लागंल. न्हाय कळवलं तर तिची नोकरी जाईल. ऊन चढायच्या आत आम्ही माघारी येतो."

मला ते पटलं. ढग दुपारी येतो, आणि ही माणसं त्याच्या आधी चहाला माझ्याकडे असणार होती. मी पिशवी गल्ल्यामागे ठेवली आणि कढई चढवली.

मयूरीचा डबा रोज मीच पोचवतो. त्या दिवशी डबा भरून झाला तरी पिशवी गल्ल्यामागे तशीच. आमची ओवी माझ्या आईजवळ भाज्यांच्या टोपल्यांत खेळत होती, रस्ता बाजाराने फुलला होता. म्हटलं, घाटात भेटतील, तिथेच देऊन टाकू. पिशवी स्कूटरला अडकवून निघालो. घाटात कुणी भेटलं नाही. पश्चिमेला ढगाने डोकं वर काढलं होतं.

केंद्राच्या खोलीत मयूरी पडद्यासमोर होती आणि मागे तिच्या वरिष्ठ टेंभे मॅडम. मला बघताच मयूरीचा चेहरा खुलला. तिने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"आबा कुठायत?"

"कोण?"

"चेष्टा नको हं. मघापासून बघतेय, त्यांचा ठिपका तुमच्याबरोबर घाट चढतोय. मी मॅडमना म्हटलं, आबा पहिल्यांदा माझं ऑफिस बघायला येतायत." ती उठून दारापर्यंत गेली, बाहेर डोकावली. "चहा टाकायला सांगितलाय त्यांच्यासाठी."

मी पिशवी टेबलावर ठेवली. तिने आत हात घालून आबांचा मोबाइल काढला, मग भागूआत्याचा, मग आणखी कुणाचा. मला काही सांगावं लागलं नाही. महिना वैशाखाचा आहे हे तिला कळत होतं, आणि कौलाला जाताना मोबाइल असे काढून ठेवतात तेही कळत होतं.

पडद्यावर लिहिलं होतं, "कासळ: रिकामे." खाली होकाराचं बटण उघडं होतं. वाट बघायला कुणी नव्हतंच.

ओढ्याच्या साकवावर, त्या लहानशा पुलावर, केंद्राचा एक कॅमेरा आहे, पाण्याची पातळी बघायला. मयूरीने तो फिरवला. राईच्या कडेला आबांच्या म्हशी बसल्या होत्या, आणि आत खोडांच्या मधून साड्यांचे रंग दिसत होते. माणसं अजून बसलेली. देवीने कळी सोडली नव्हती.

"किती वेळ आहे?" मॅडमनी विचारलं.

"ढग त्या रेघेला पोचेपर्यंत," मयूरीने पडद्यावरची तांबडी रेघ दाखवली. "त्यानंतर मीठ सोडून उपयोग नाही. तो इकडे येणार."

इकडे म्हणजे बाजारात. ओवीवर. तिघांनाही ते ठाऊक होतं. बाजार हलवायचा किंवा गाडीने राईपर्यंत उतरायचं, तर तेवढ्यात ढगाने दोन्ही खोरी बुडवली असती. कासळमध्ये जुने भोंगे होते, खांबांवर, माणसं राहायची तेव्हाचे. मयूरीने माइक ओढला.

"आबाऽऽ! आबा, मी मयूरी! सगळ्यांना घेऊन वर जा! आबाऽऽ!"

तिचा आवाज खोऱ्यातून घुमून खिडकीतून परत आमच्याकडे आला. पडद्यावर एकही मान वळली नाही. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच. राईतली माणसं दगड झाल्यासारखी बसून होती. एका बाईने लेकराचे कान झाकून घेतले, तेवढं दिसलं.

"ऐकू जात नाहीये का?" मॅडम म्हणाल्या.

मयूरीने माइक बंद केला.

"जातंय. म्हणूनच बसलेत." ती मॅडमकडे न बघता बोलत होती. "राईत कुणी कुणाला हाक मारत नाही. तिथे नाव घेऊन कुणी बोलावलं तर ते माणूस नसतं, असं आमच्यात मानतात. ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. मोबाइल त्यासाठीच नेत नाहीत. वाजला तर हाकच की ती."

"आणि ज्याला हाक आली त्याचं काय?" मी विचारलं. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"तो राईचा झाला. तो तिथेच राहतो." तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "मला माहीत होतं हो. चालायला लागले तेव्हापासून माहीत आहे. आणि मी काय केलं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो? बाहेर उजेड पिवळा पडला आणि पहिली वीज कडाडली. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "मयूरी, ढग बघ."

पण मयूरी म्हशींकडे बघत होती. तिने माइक पुन्हा उघडला, छाती भरून श्वास घेतला आणि असा आवाज काढला, जो लग्नानंतर मी कधीच ऐकला नव्हता.

"हीऽऽऽ यो! यो, यो, यो! हीऽऽऽ यो, चंद्रेऽऽ!"

संध्याकाळी रानातून म्हशी घरी बोलवायची ती आरोळी. लहानपणी ती खळ्यात उभी राहून रोज द्यायची. राईचा नेम माणसांना, म्हशींना नाही. पडद्यावर थोरल्या म्हशीने कान हलवले. मयूरीने पुन्हा आरोळी दिली. म्हैस उठली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळी म्हसरं शेपट्या उडवत घराच्या चढाला लागली.

गवळ्याच्या पोराला सुटलेली म्हैस बघवत नाही. आधी दोन पोरं धावली. मग भागूआत्या उभी राहिली, काहीतरी म्हणाली, आणि तिच्या मागोमाग सगळी राई उठली. साड्या, टोप्या, कडेवरची लेकरं, सगळे म्हशींमागे चढत होते. खोलीत मी मोठ्याने ओरडलो. टेंभे मॅडमनी माझा हात धरला होता आणि मला ते कळलंही नव्हतं.

आबा सगळ्यांच्या शेवटी होते. काठीने मागच्यांना पुढे हाकत ते राईच्या कडेपर्यंत आले. शेवटची म्हातारी वाटेला लागली तसे ते थांबले. त्यांनी खांबावरच्या भोंग्याकडे सरळ पाहिलं, म्हणजे आमच्याकडेच पाहिलं. मग हात वर केला, निरोप देताना करतात तसा, आणि वळून आत गेले.

मयूरीने त्यांना नावाने बोलावलं नाही. ती म्हशींची आरोळी देत राहिली, पुन्हा पुन्हा, आवाज फाटला तरी. म्हशी केव्हाच घराशी पोचल्या होत्या. राईतून कुणी आलं नाही.

ढग तांबड्या रेघेला टेकला. पडद्यावर तेच होतं, "कासळ: रिकामे. होकार?"

"रिकामं नाहीये," ती म्हणाली.

"तू बाजूला हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "मी दाबते. तुझ्यावर नको."

"नको. तुम्ही पडदा बघून दाबाल. मला माहितेय आत कोण आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं की हो, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. माझी लेक खाली बाजारात होती. मयूरीने बटण दाबलं.

थोड्या वेळाने पलीकडे पाऊस सुरू झाला. पडद्यावर साकव पांढरा झाला आणि मग कॅमेराच गेला.

पाणी ओसरल्यावर आम्ही उतरलो. राईतली निम्मी झाडं उभी होती, देवीचा दगड होता. आबा नव्हते. ओढ्याने, आणि पुढे नदीने, त्यांना परत दिलं नाही. भागूआत्या वरच्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती. मयूरीला बघून ती उठली नाही, तिला शेजारी बसवून घेतलं.

"तुजा आवाज वळाकला त्यानं," ती म्हणाली. "आम्ही सगळी भ्यालो. त्यो म्हणला, भूत न्हवं, लेक हाय माजी. मग म्हसरं उठली. मी म्हणलं, देवीच उठवतीया, चल आता. तर म्हणला, लेकीची असली तरी हाक ती हाक. राईत आली, माज्या नावानं आली. मी उठून आलो तर देवी दुसऱ्या कुणाला मागंल. लेकरं हायत संगट. तुमी जावा."

मयूरीने एकच विचारलं. "माझ्यावर रागावले होते का गं?"

"न्हाय बाई. म्हणला, पोरीचा आवाज लई लांबनं आला."

चौकशी झाली. मयूरीने इतकी माणसं वाचवली म्हणून तिचं नाव वर कळवलं गेलं. कागदावर कासळ कायमचं रिकामं झालं, म्हशी आमच्या परसात आल्या. मी तिला म्हटलं, सोड ती नोकरी, हॉटेल आहे आपलं, दोघं चालवू. तिने मान हलवली. "दुसरं कुणी बसलं तर ते पडदा बघून दाबेल."

पुन्हा कामावर गेली त्या दुपारी मी कढईपाशी होतो. हॉटेलात गर्दी होती. एकदम डोंगराच्या पलीकडून, वाऱ्याबरोबर, तिचा आवाज आला. "आबाऽऽ!" अगदी स्पष्ट. लोकांचे हात बशीवर थांबले. एक म्हातारा उठून पैसे न देता चालता झाला. मग पलीकडे गडगडलं आणि पाऊस सुरू झाल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. गावात कुजबूज सुरू झाली की आखाड्यांची पोर भ्रमिष्ट झाली.

मी डबा घेऊन वर गेलो आणि तिला सरळ विचारलं. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी तिला अडवलं नव्हतं.

"का हाक मारतेस त्यांना? ते गेले, मयूरी. सुटू दे की आता."

"हाक मारली की माणूस तिथेच राहतं, असं आहे ना?" ती शांतपणे म्हणाली. वेडी वगैरे अजिबात वाटत नव्हती. वेडी असती तर मला सोपं गेलं असतं. "मग राहू देत. मी रोज मारणार. ते खोरं रिकामं आहे असं समजून मला पाऊस पाडायचा नाही."

पडद्यावर ढग वाढत होता. ती माइककडे वाकली आणि तिने वडिलांना हाक मारली. हाक खोऱ्यात गेली, पलीकडच्या कड्याला लागून परत आली. मयूरीने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. रोज ती तेवढी थांबते, पलीकडून ओ येते का ते ऐकते.

मी डबा उघडून बसलेलो असतो. मीही ऐकतो.